परत येईल का?

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातला धन्वंतरी रस्ता नावाला जागणारा आहे. औषधांची दुकानं, डॉक्टरांच्या पाट्या, एक्स-रे, स्कॅन आणि रक्त तपासणाऱ्या लॅब, सगळं एकाला एक लागून. जवळच कृष्णराजेंद्र इस्पितळ, ज्याला सगळं गाव ‘केआर’ म्हणतं, आणि तिथून पुढे देवराज मार्केट. मार्केटच्या कडेनं जातो तो सयाजीराव रस्ता, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. इथल्या मराठी घरांतली पोरं शाळेत जाता-येता ती पाटी वाचत मोठी होतात. मी तशीच मोठी झाले आणि पुढे याच मोहल्ल्यातल्या एका लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त तपासत राहिले. एवढ्या अधिकारावर ही प्रस्तावना लिहिते आहे.

लॅबची खरी वेळ सकाळी सातची. माणसं उपाशीपोटी आलेली असतात, त्यामुळे बाकावर फारसं कुणी बोलत नाही. बाहेर मार्केटात उतरणाऱ्या मल्लिगेच्या फुलांचा वास, आत स्पिरिटचा. दंडाला पट्टा, मूठ घट्ट, शीर वर येते, सुई. जांभळ्या टोपीची नळी भरली की हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, झटकायची नाही. पिवळ्या टोपीची नळी रक्त गोठेपर्यंत उभी ठेवायची आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. बाहेर काढली की खाली गडद लाल गोळा, मध्ये जेलचा पडदा आणि वर मधाच्या रंगाचं सीरम. काहींचं सीरम ताकासारखं पांढरट निघतं. रक्तात चरबी किती आहे ते मशीनच्या आधी नळीच सांगून जाते. या पुस्तकाचा सगळा विषय त्या बोटभर सीरममध्ये आहे.

माझे मामा त्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तीन महिन्यांपूर्वी अटॅक येऊन गेला होता. पहाटे छातीत जळजळलं म्हणून पित्तावर सोडा घेतला, थंड दूध प्यायले, अंघोळ-पूजा उरकली, आणि घामानं सदरा भिजला तेव्हा कुठे मामींना सांगितलं. एक स्टेंट पडला, हृदयाचं पंपिंग पंचेचाळीस टक्क्यांवर राहिलं. मी दंडाचा पट्टा सोडत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “पोरी, एवढ्या नळ्या भरतेस, यातनं मला एकच सांग. परत येईल का?”

“मामा, तुम्ही आधी कॉफी घ्या बघू,” मी म्हणाले.

मी उत्तर टाळलं ते माझ्याकडे नव्हतं म्हणून, आणि ते टाळणं मला नंतर कित्येक वर्षं टोचत राहिलं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तातून पुढचं काय आणि किती कळतं, हे मराठीत नीट मांडलेलं असावं ही इच्छा तिथून धरली.

मामांचा प्रश्न भाबडा नव्हता. स्वीडनमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सत्त्याण्णव हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या वर्षातच १८.३ टक्के रुग्णांना पुन्हा झटका तरी आला, पक्षाघात तरी झाला, नाहीतर हृदयरोगानं मृत्यू तरी आला. ज्यांचं पहिलं वर्ष सुखरूप गेलं, त्यांच्यातल्याही साधारण पाचातल्या एकावर पुढच्या तीन वर्षांत तीच वेळ आली. ही उत्तम आरोग्यव्यवस्था असलेल्या देशाची गोष्ट. आपल्याकडे झटका लवकर येतो आणि माणूस इस्पितळात उशिरा पोचतो. बंगळूरच्या सेंट जॉन्समधून चालवलेल्या ‘क्रिएट’ या नोंदवहीत पन्नास शहरांतल्या ८९ केंद्रांमधले २०,४६८ रुग्ण होते. त्यांचं सरासरी वय ५७.५ वर्षं होतं, आणि ज्यांना मोठा झटका आला होता त्यांचा त्रास सुरू झाल्यापासून दारात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटांच्या घरात, म्हणजे सहा तास. मामांचा सोडा, दूध आणि पूजा त्या सहा तासांत बसतात. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून नागपूरचे प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरत्र जवळजवळ एकोणसाठाव्या. बंगळूरच्या जयदेव संस्थेला तर चाळिशीच्या आतल्या रुग्णांसाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागली आहे. लवकर पहिला म्हणजे दुसऱ्यासाठी पुढे जास्त वर्षं.

पण शंभरातले अठरा म्हणजे नेमके कोण? ब्याऐंशी जणांना उगाच घाबरवायचं नाही आणि अठरांना गाफील सोडायचं नाही, हा खरा पेच आहे.

रक्ताकडून ही अपेक्षा फार जुनी नाही. १९५४ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांना दिसलं की झटक्यानंतर रक्तात एक विकर वाढतं. तेच आज आपण यकृतासाठी करतो ते एसजीओटी. रिपोर्टवर एसजीओटी दिसलं की लोक ‘लिव्हर, लिव्हर’ म्हणतात, पण त्या तपासणीची पहिली ओळख हृदयाची होती. मग सीपीके-एमबी आलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन-टी मोजायची पद्धत दिली. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या आकुंचन पावणाऱ्या यंत्रातलं प्रथिन. ते स्नायूच्या आत असायचं, रक्तात नाही. रक्तात आलं म्हणजे स्नायूला इजा झाली. इतकी वर्षं ते फक्त ‘अटॅक आहे की नाही’ एवढं ठरवायला वापरलं गेलं.

मोजमाप बारीक होत गेलं तशी गंमत उलगडली. नव्या, अतिसंवेदनशील तपासणीत जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात थोडं ट्रोपोनिन सापडू लागलं. २००९ साली ओम्लांड आणि सहकाऱ्यांनी स्थिर हृदयरोग असलेल्या ३,६७९ रुग्णांत ते मोजलं. ज्यांना त्या घटकेला काहीही होत नव्हतं अशा माणसांतही आकडा जितका वर, तितका पुढे हृदय निकामी होण्याचा आणि हृदयरोगानं मृत्यूचा धोका जास्त. हा चढ तथाकथित नॉर्मल मर्यादेच्या आतही दिसत होता. नव्या झटक्याशी मात्र त्याचा स्वतंत्र संबंध सिद्ध झाला नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ‘परत येईल का’ या एका प्रश्नात रक्ताच्या दृष्टीनं अनेक प्रश्न असतात: स्नायू झिजतोय का, हृदयाच्या भिंतींवर ताण आहे का, रक्तवाहिन्यांत आग धुमसतेय का, आणि हे सगळं जन्मानंच आलंय का.

भिंतीवरचा ताण सांगणारं द्रव्य, बीएनपी, सापडलं डुकराच्या मेंदूत. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं म्हणून त्याच्या नावातल्या ‘बी’त मेंदू बसला तो कायमचा, जरी ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतच बनतं. भिंत ताणली गेली की ते बाहेर पडतं. त्याचाच एक निष्क्रिय तुकडा रक्तात जास्त वेळ टिकतो. त्याला एनटी-प्रोबीएनपी म्हणतात आणि लॅबमध्ये बहुधा तोच मोजला जातो. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं की तो चढतो. माणूस लठ्ठ असेल तर उतरतो. तेव्हा पंचाहत्तरीतल्या सडपातळ आजींचा आकडा आणि पन्नाशीतल्या जाड्या गृहस्थांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. मामांच्या पंपिंगकडे पाहता ही तपासणी त्यांच्यासाठी सर्वांत कामाची होती, आणि ती त्यांच्या फाइलमध्ये पहिली दोन वर्षं नव्हतीच.

आता आगीविषयी. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ते बनवतं. रोहिणीच्या भिंतीत साचलेली चरबी म्हणजे नळात बसलेला गाळ अशी आपली समजूत असते, पण तो गाळ जिवंत असतो. त्यात पांढऱ्या पेशी शिरतात, दाह होतो, वरचं आवरण पातळ होऊन फाटतं, तिथे गुठळी धरते. या धुमसण्याची अंधुक सावली सीआरपीत पडते. ती केवळ सावली आहे की आग विझवली तर झटकेही कमी होतात, याचं उत्तर २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीनं दिलं. झटका येऊन गेलेले आणि सीआरपी दोन किंवा त्याहून वर असलेले १०,०६१ रुग्ण घेतले, कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं. मधल्या मात्रेत पुढच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. ते इंजेक्शन महाग, आणि त्यानं जीवघेण्या संसर्गांचं प्रमाण थोडं वाढलं; म्हणून ते हृदयरुग्णांसाठी वापरात आलं नाही. मग गाउटवरची जुनी, स्वस्त कोल्चिसिन आजमावली गेली. २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत तिनं फायदा दाखवला, २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दाखवला नाही. शास्त्र या जागी अजून चाचपडतंय, आणि पुस्तकात ते तसंच लिहिलंय हे मला आवडलं.

सीआरपीच्या बाबतीत मामांच्या घरी जे झालं ते सांगते. त्यांना कुणीतरी ‘हार्ट पॅकेज’ म्हणून दुसऱ्या एका लॅबमध्ये नेलं. सीआरपी नऊच्या वर आला, शेजारी लाल बाण, खाली ‘अति धोका’ असा शिक्का. मामी दोन रात्री झोपल्या नाहीत. मी विचारलं, “मामा, ताप, दुखणं, काही आहे का?” “दाढ ठणकतेय गं चार दिवस.” दाढ काढली, तीन आठवडे थांबलो, परत पाहिला तर १.४. ताप, खोकला, दाढ, सुजलेला सांधा, पावसाळ्यातला चिकुनगुन्या, यातलं काहीही असताना हृदयासाठी सीआरपी बघूच नये. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांतही नाही, कारण झटका स्वतःच तो वाढवतो. वाढलेला दिसला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. रक्त घेताना एवढा एक प्रश्न विचारायला वेळ लागत नाही, पण तो विचारला जात नाही, आणि त्यापायी घरंच्या घरं हादरतात. याचा मला आजही राग येतो.

याच्या उलट जे झालं ते जास्त घातक होतं. झटक्यानंतरच्या पाचव्या महिन्यात मामांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आला. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेलं होतं: १०० पेक्षा कमी हवा. घरात आनंद. “नॉर्मल आलं की, आता ती कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?” म्हणून गोळी बंद झाली. चार महिन्यांनी १३८. तो उजवा रकाना निरोगी माणसासाठी छापलेला असतो. झटका येऊन गेलेल्यासाठी २०२४ च्या भारतीय हृदयरोग संघटनेच्या सूचनांत एलडीएल ५५ च्या खाली ठेवा म्हटलंय, लिपिड असोसिएशन ऑफ इंडियानं ५० च्या खाली. म्हणजे ९२ हा मामांसाठी नॉर्मल नव्हता, गोळी वाढवायची खूण होती. आणि नॉर्मल असताच तरी तो गोळीमुळे असता. या पुस्तकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: रिपोर्टवरचा नॉर्मलचा रकाना तुमचा नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून फाइलवर पेनानं लिहून घ्या.

गोळी सोडणं हा मामांचा एकट्याचा दोष नव्हे. ‘प्युअर’ अभ्यासात २०११ साली दिसलं की भारत ज्यांत धरला होता त्या गरीब देशांत, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी फक्त ३.३ टक्के लोक स्टॅटिन, म्हणजे तीच गोळी, घेत होते. श्रीमंत देशांत ६६.५ टक्के. अशा ठिकाणी महागड्या नव्या तपासण्यांचं काय करायचं, असं मला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की गोळी का घ्यायची हे ज्याला स्वतःच्या आकड्यात दिसलं तो ती सोडत नाही. निदान मामांनी पुन्हा सोडली नाही. आणि सगळ्या खुणा महाग नसतात. क्रिएटिनिन घ्या. मूत्रपिंडाची ही साधी, स्वस्त तपासणी झटक्यानंतरचा धोका मोजणाऱ्या ‘ग्रेस’ गुणांकात वय, नाडी आणि रक्तदाबाच्या पंगतीला बसते. मूत्रपिंड दमलेल्या माणसाचं हृदयही धोक्यात असतं. ती प्रत्येकाच्या फाइलमध्ये आधीच असते, फक्त त्या नजरेनं कुणी बघत नाही.

अशा खुणा एकत्र गुंफून धोका सांगणारी गणितंही झाली आहेत. स्वीडनच्या उप्साला गटानं वय, ट्रोपोनिन, एनटी-प्रोबीएनपी, एलडीएल आणि पूर्वेतिहास घेऊन ‘एबीसी’ नावाचा गुणांक बांधला. अशा गणिताची परीक्षा कशी घेतात ते समजून घेण्यासारखं आहे. दोन रुग्ण घ्यायचे, एकाला पुढे त्रास झाला, एकाला नाही. गणितानं पहिल्याला जास्त गुण दिले होते का? नाणं उडवलं तरी शंभरात पन्नास वेळा बरोबर येईल. हृदयरुग्णांतल्या पुढच्या घटनांसाठीची बरीच प्रचलित गणितं शंभरात सत्तरच्या आसपास बरोबर येतात. हवामानखात्याच्या पावसासारखं म्हणा: छत्री न्यायची का हे ठरवायला पुरेसं, पण तुमच्याच अंगणात किती वाजता पडेल ते सांगायला नाही. त्यातही ही गणितं बहुतेक पाश्चात्य रुग्णांवर बेतलेली. आपल्या माणसांसाठी ती पुन्हा जुळवून घ्यायला लागतात.

आपल्यासाठी वेगळं का, याचा एक धागा याच गावात आहे. देवराज मोहल्ल्याशेजारच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ स्मारक इस्पितळ आहे, गावाचं मिशन हॉस्पिटल. तिथे १९३४ पासून प्रत्येक बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर वहीत नोंदला जाई. त्या वह्या जपल्या गेल्या. १९३४ ते १९५४ दरम्यान तिथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांना नव्वदच्या दशकात शोधून काढून तपासलं गेलं, आणि १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: जन्माचं वजन अडीच किलो किंवा कमी असलेल्यांत हृदयरोग ११ टक्के, ३.१ किलोच्या वर असलेल्यांत ३ टक्के. पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुढे आपलं बाळ बारीक दिसलं तरी अंगात चरबी धरून जन्मतं हे दाखवलं. माझे मामा मिशन हॉस्पिटलमध्येच जन्मले. झटक्याची तयारी कधी सुरू झाली असेल याचा विचार करताना मला ती वही डोळ्यांपुढे येते: निळ्या शाईतल्या रांगा, पौंड आणि औंस.

जन्मानं येणारी दुसरी गोष्ट रक्तात थेट मोजता येते. लिपोप्रोटीन-ए, लॅबच्या भाषेत एलपी-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ साली शोधलं. एलडीएलच्याच कणाला एक जादा प्रथिनाची शेपटी चिकटलेली असते. कण रोहिणीच्या भिंतीत रुततो आणि दाह वाढवतो. किती असणार हे बहुतांशी एकाच जनुकावर ठरतं, लहानपणीच ठरतं आणि जन्मभर जवळपास तेवढंच राहतं. पथ्यानं, व्यायामानं, स्टॅटिननं उतरत नाही. दक्षिण आशियाई लोकांत ते पुष्कळांत जास्त असतं, आणि ‘इंटरहार्ट’च्या २०१९ च्या विश्लेषणात झटक्यांमधला त्याचा वाटा आपल्याकडे ठसठशीत दिसला. ते उतरवणाऱ्या खास औषधांवर मोठ्या चाचण्या चालू आहेत. तोवर ते जास्त असलेल्यानं बाकीचं सगळं, एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू, जास्त कडकपणे सांभाळायचं. म्हणूनच ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करा असं आता भारतीय सूचनाही सांगतात. जी एकदाच करायची, ती आपल्याकडे सर्वांत कमी केली जाते.

मामांचं एलपी-ए आम्ही फार उशिरा, त्यांच्या सत्तरीच्या सुमारास पाहिलं. पन्नासच्या खाली हवं ते ९६ निघालं. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे हे माझ्या खाण्यानं नव्हे?” इतकी वर्षं ते स्वतःला चुलीजवळच्या तुपाचा आणि सयाजीराव रस्त्यावरच्या म्हैसूरपाकाचा गुन्हेगार समजत होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. “आणि पोरांचं?”

अशा आई-बापाच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, एकतीस वर्षांचा. त्यानं तिथे तपासलं, २२. मुलगी इथेच, तिचं ८८. तिचा एलडीएल त्या वयाला चालून गेला असता, पण आता तो चालवून घ्यायचा नाही असं तिच्या डॉक्टरांनी ठरवलं. तिनं मला विचारलं, “ताई, आत्याचं पाहिलंय का कधी?” तिची आत्या म्हणजे माझी आई. माझ्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि कशानं गेली ते आम्ही ‘झोपेतच’ एवढंच सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बाकावर बसले, बाहेरच्या बाजूला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, “मॅडम, मूठ घट्ट करा.” पिवळ्या टोपीच्या नळीवर तिनं माझं नाव लिहिलं.